बाबांना विचार, मधुमेह तरी कुठे बरा होतो?

प्रश्न :

आदरणीय मॅडम,

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर डोंबिवलीला. एमडीची परीक्षा आणि मागोमाग नीट-एसएस, म्हणजे सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, तोंडावर आली आहे. मला न्यूरॉलॉजी घ्यायची आहे आणि त्यातही पुढे स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी काम करायचं आहे. घरात हे कुणालाच पटत नाही. बाबा म्हणतात, "ज्या आजाराला औषधच नाही त्याचा डॉक्टर होऊन करणार काय? कार्डिओ घे, नाहीतर गॅस्ट्रो. हातात प्रोसिजर असली की कमी पडत नाही." आमचे एक सर हसून म्हणाले, "डिमेन्शियात काय आहे? डोनेपेझिल लिहायचं आणि पुढच्याला आत बोलवायचं."

खरं सांगायचं तर हे डोक्यात आलं आजीमुळे. ती ७९ वर्षांची आहे. दोनेक वर्षांपासून तेच तेच विचारते, गॅस बंद करायला विसरते, आईला कधीकधी स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. घरचे म्हणतात, वय झालं. मी डॉक्टर असून काही करत नाही, याचा त्रास होतो. माझा निर्णय भावनेच्या भरात होतोय का? यात करिअर होतं का? आणि शिकायला परदेशीच जावं लागतं का?

– एक रेसिडेंट, डोंबिवली

उत्तर :

रेसिडेंट आहेस म्हणून वॉर्डातल्या सवयीने एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

आधी बाबांचा मुद्दा घेते. तो चुकीचा असला तरी बिनबुडाचा नाही. सोमवारी सकाळी तुझ्या मेडिसिन ओपीडीपुढे जी रांग लागते, तिच्यातले किती जण 'बरे' होऊन जातात? मलेरिया, टायफॉइड, न्यूमोनियावाले वगळ. उरलेली रांग मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, किडनी यांची. यातलं काहीही बरं होत नाही, फार तर आटोक्यात राहतं. कार्डिओलॉजीतही स्टेंट टाकला म्हणून रक्तवाहिन्यांचा आजार संपत नाही. बाबांना खरं खुपतंय ते वेगळंच असावं. डिमेन्शियाच्या डॉक्टरने केलेलं काम दिसत नाही. त्याची सीडी मिळत नाही. नातेवाइकांना स्क्रीनसमोर उभं करून 'हा बघा ब्लॉक, आणि हा बघा मोकळा केला' असं दाखवता येत नाही.

मग करायचं असतं काय? ज्याला डिमेन्शिया नाहीच, त्याला त्या शिक्क्यातून सोडवणं हे पहिलं काम. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या बाईंचं बी-१२ तळाला गेलेलं असतं. कुणाचं थायरॉइड मंदावलेलं असतं. नवरा गेल्यापासून गप्प झालेल्या आजी विसरत नसतात, त्या नैराश्यात असतात, आणि 'माहीत नाही' एवढंच उत्तर देतात. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये पडलेले, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणारे आजोबा हळूहळू गुंगायला लागले, तर ते 'वय' नसतं. कवटीच्या आत साचलेलं रक्त असतं, आणि ते काढता येतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि जोडीला विसर, ही तिकडी हकीम आणि ॲडम्स यांनी १९६५ साली मांडली. मेंदूतलं पाणी वाढल्याने होणाऱ्या या आजारात शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवून कित्येक जण पुन्हा नीट चालू लागतात. आणि औषधं! पाच डॉक्टरांनी पाच वेळा लिहिलेल्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायची. लघवीसाठीची एक, झोपेची एक, सर्दीची जुनी एक, पाठदुखीसाठी सुरू झालेली आणि कधीच बंद न झालेली ॲमिट्रिप्टिलिन एक. यातल्या दोन कमी केल्या तरी माणूस जागा होतो. पूर्णपणे मागे फिरणारी अशी प्रकरणं एकंदरीत थोडीच असतात हे खरं, पण ती शोधणारा कुणी बसलेला नसेल तर तीही त्याच गर्दीत हरवतात.

डिमेन्शिया असेलच, तर कुठला हे ठरवायचं. अल्झायमर सगळ्यांत जास्त, साठ ते सत्तर टक्के. पण उरलेल्यांत गफलत झाली तर भोगावं लागतं ते रुग्णाला. लेवी बॉडी प्रकारात माणसाला पलंगाच्या पायथ्याशी मुलं बसलेली दिसतात. घरचे घाबरतात, भूतबाधेपर्यंत गोष्ट जाते, आणि रात्री इमर्जन्सीत कुणीतरी हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध टोचतं. सकाळी तो माणूस लाकडासारखा कडक झालेला असतो. या आजारात तसल्या औषधांनी जीवही जाऊ शकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात विसर जवळजवळ नसतोच. पन्नाशीतला, आयुष्यभर मोजून बोलणारा माणूस लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या ताटातलं उचलून खातो, ऑफिसात अचकट बोलतो. घरात भांडणं होतात, घटस्फोटापर्यंत जातं, आणि निदान मग केव्हातरी. आणखी एक प्रकार मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होतो. त्या रुग्णाने आमच्याकडे येईपर्यंत दोन-तीन चष्मे बदललेले असतात, मोतीबिंदूही काढून झालेला असतो. डोळे ठीकच असतात, दिसलेल्याचा अर्थ लागत नसतो.

म्हणजे तुमच्या सरांनी सांगितलं ते डिमेन्शियाचं नव्हे, पाच मिनिटांच्या ओपीडीचं वर्णन आहे. पाच मिनिटांत डोनेपेझिलच लिहून होतं. ते औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं. काहींना त्याचा थोडा उपयोग होतो, आजार थांबत नाही, आणि नाडी आधीच मंद असेल तर चक्कर येऊन माणूस पडतो. हे पाहायलाही ईसीजी काढावा लागतो, म्हणजे सहावं मिनिट लागतं.

या शाखेचं हत्यार वेळ आहे, हे आताच ओळखून ठेव. ज्या ॲलॉइस अल्झायमरच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्याने १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटरला तपासलं. तो तिच्यासमोर बसून नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आत्ता काय खाते आहेस, असं विचारत गेला आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहीत गेला. १९०६ साली ती गेल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनला त्याने ते सगळं मांडलं. आजाराला त्याचं नाव क्रेपेलिनने १९१० साली दिलं. तिची फाइल १९९५ साली पुन्हा सापडली, आणि आजही ती वाचून निदान करता येतं. (अल्झायमर मानसोपचारतज्ज्ञ होता, न्यूरॉलॉजिस्ट नव्हे. हे आमच्या परिषदांत फार मोठ्याने सांगत जाऊ नकोस.)

आपल्याकडे ही हिस्टरी कशी येते ते बघ. रुग्ण म्हणतो, मला काही नाही, यांनाच काळजी. प्रश्न विचारला की तो मान वळवून बायकोकडे बघतो, तीच उत्तर देते. ते मान वळवणंसुद्धा एक खूण आहे, टिपून ठेवायची. मुलगा म्हणतो, जुनं सगळं आठवतं हो त्यांना, १९८२चा संपसुद्धा. तो कौतुकाने सांगत असतो आणि तुला वेगळंच ऐकू येत असतं. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक दोनदा गेला. बँकेने सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं. आयुष्यभर ठाण्याला गाडी बदलणारा माणूस कुर्ल्याला उतरून उभा राहिला. ज्यांच्या हातच्या कटाच्या आमटीसाठी सून माहेरी जात नसे, त्यांनी दोनदा मीठ घातलं. यातलं काहीही एमआरआयवर उमटत नाही. शिवाय सगळ्यांत उपयोगी माहिती बऱ्याचदा आत आलेल्या मुलाकडे नसते. ती बाहेर बाकावर बसलेल्या सुनेकडे असते, नाहीतर सांभाळायला ब्युरोतून आलेल्या बाईकडे. त्यांना आत बोलवावं लागतं.

चाचण्यांचंही तसंच. स्मरणशक्ती आणि आकलन तपासायची एमएमएसई ही प्रश्नावली फोलस्टीन यांनी १९७५ साली आणली, तशीच मोका नासरेद्दीन यांनी २००५ साली. दोन्ही शिकलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बनलेल्या. आपल्या चौथी शिकलेल्या आजींना आज तारीख कुठली विचारलं तर त्या चुकतील, पण परवा एकादशी झाली हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना घनाचं चित्र काढायला सांगायचं आणि गुण कापायचे, याला तपासणी कशी म्हणायची? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी नव्वदच्या दशकात निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी तयार झाली. पुढे आयसीएमआरने सविस्तर चाचण्यांचा संच केला, तो सुरुवातीला पाच भाषांत आला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. इथे तुझ्यासाठी काम पडलेलं आहे. मराठी म्हणजे तरी एक का? गिरगावातल्या निवृत्त शिक्षिका, कोकणातून मुलाकडे आलेले काका आणि मानखुर्दला कचरा वेचून आयुष्य काढलेल्या मावशी, तिघांना एकच शब्दयादी लावून कसं चालेल? सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. हा प्रश्न लंडनमध्ये बसून इतका स्वच्छ सुटला नसता. भाजीवालीसुद्धा तीन भाषांत हिशेब करते अशा मुंबईत असे किती प्रश्न पडून असतील, विचार कर.

आता या शहराचं म्हणून एक प्रकरण आहे, ते कुठल्याच डीएमच्या, म्हणजे एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीच्या, अभ्यासक्रमात नाही. रीडेव्हलपमेंट. जुन्या चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या आजोबांना तीच खोली, तोच जिना, तोच दुधवाला असेपर्यंत सगळं निभावत असतं. बिल्डर भाडं देतो, घर दोन-तीन वर्षांसाठी भलतीकडे हलतं आणि महिन्याभरात घरच्यांच्या लक्षात येतं की यांना संडास सापडत नाहीये. ते तुझ्याकडे येऊन म्हणतात, जागा बदलल्यामुळे झालं. झालेलं आधीपासूनच असतं, जुनं घर त्यांना सांभाळून घेत होतं. मग तेच आजोबा जागेचे मालक असल्याने संमतीपत्रावर त्यांचीच सही लागते, आणि एक दिवस एक मुलगा एकटाच येतो : "डॉक्टर, बाबांची तब्येत ठणठणीत आहे एवढं लेटरहेडवर लिहून द्या." पुढच्या आठवड्यात दुसरा मुलगा येतो, त्याला उलट लिहून हवं असतं. मुंबईत दोन खोल्यांची किंमत काय आहे ते तुला सांगायला नको.

अशा वेळी तुला कायदा थोडा तरी ठाऊक हवा. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याच्या ५९व्या कलमानुसार मृत्युपत्र करणारा माणूस ते करताना शुद्धीवर हवा, आणि अधूनमधून भान येणारा माणूस त्या भानाच्या काळात मृत्युपत्र करू शकतो. म्हणजे 'डिमेन्शिया आहे' एवढ्याने हक्क जात नाही. त्या दिवशी, त्या कागदाबद्दल त्यांना काय कळतं हे पाहावं लागतं, तेही मुलांना बाहेर बसवून. उलट बाजूने, आईने दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्र तिचं भान गेल्यावर चालत नाही. १८७२च्या करार कायद्याचं २०१वं कलम तसंच म्हणतं. कित्येक घरं याच भ्रमात असतात की पॉवर ऑफ ॲटर्नी आहे, आता काळजी नाही. मग पुढे पालक नेमून घ्यायला हायकोर्टाच्या पायऱ्या. निदान लवकर सांगण्याचं एक मोठं कारण हेच. सही कळून करता येतेय तोवर त्या माणसाला स्वतःचं ठरवू द्यायचं. नातेवाईक म्हणतील, "त्यांना सांगू नका, खचतील." माझं मत वेगळं आहे. किती जाणून घ्यायचंय हे आधी रुग्णालाच विचारावं, आणि ते म्हणतील तेवढं सांगावं. बहुतेकांना आत कुठेतरी कळलेलंच असतं.

अल्झायमरच्या नवीन औषधांबद्दल बाबांनी व्हॉट्सॲपवर वाचलं असेलच, म्हणून थोडक्यात. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनॅनेमॅबला जुलै २०२४मध्ये. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक होते. दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक ०.४५ गुणाचा होता. दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का म्हणून वारंवार एमआरआय, आणि उपयोग फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात. मला हे क्रांती वाटत नाही. पण दार उघडलंय, हे नक्की. रक्ताच्या चाचणीवरून अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा अंदाज घेणं आता शक्य झालंय, अमेरिकेत मे २०२५मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली. तू डीएम होऊन बाहेर पडशील तेव्हा कुणाला हे औषध द्यायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे कुणाला द्यायचं नाही, हे सांगणारी माणसं लागतील. पैसेवाले औषध मागतीलच. नाही म्हणायला ज्ञान लागतं, आणि थोडं धाडसही.

करिअर होतं का, विचारलंस. भारतात साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. रुग्ण कमी पडणार नाहीत, एवढं बाबांना सांग. पैशाचं मात्र गोड बोलून सांगणार नाही. नवीन रुग्णाला पाऊण ते एक तास जातो. तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीतला गॅस्ट्रोवाला दोन स्कोप उरकतो. आपल्याकडे रुग्ण आणि विमा कंपनी दोघेही हाताने केलेल्या कामाचे पैसे बिनतक्रार देतात, ऐकून घेण्याचे द्यायला कचरतात. नुसत्या डिमेन्शियावर मुंबईत पहिली काही वर्षं घरभाडंही निघणार नाही. म्हणून आधी चांगली जनरल न्यूरॉलॉजिस्ट हो. स्ट्रोक, एपिलेप्सी, पार्किन्सन, डोकेदुखी यांवर तुझी प्रॅक्टिस चालेल आणि आठवड्यातली एक दुपार मेमरी क्लिनिकला देशील. ती एक दुपार दोन व्हायला वेळ लागतो. मी पाहिलेल्या ज्यांनी हे टिकवलं, त्यांनी हिशेब असाच मांडला होता.

तेव्हा डीएमच्या तीन वर्षांची कल्पना आधीच करून ठेव. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि ही तीन मिळून साडेअकरा वर्षं होतात. प्रवेश परीक्षांची तयारी आणि बाँड वेगळे. या तीन वर्षांत शांतपणे आठवणी ऐकत बसणं फारसं वाट्याला येत नाही. रात्री दोनला कॅज्युअल्टीतून फोन येतो, अर्धं अंग गेलंय, साडेचार तासांच्या आत आहेत, थ्रोम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवायचं औषध, करायचं का? न थांबणारी फिट येते, नसांच्या गियाँ-बारे आजाराचा रुग्ण श्वासाला दमतो. हे सगळं तुला आवडलं पाहिजे, निदान सोसलं पाहिजे. धावपळ नको म्हणून डिमेन्शिया, असं कुणी म्हणत असेल तर तिने न्यूरॉलॉजीच्या वाटेला जाऊ नये. वृद्धांचीच आवड असेल तर जेरियाट्रिक मेडिसिन आहे, मानसोपचारातही वृद्धांसाठी वेगळी शाखा आहे, दोन्ही चांगल्या आहेत.

आणि एकटीने काही होणार नाही, हेही आताच लक्षात घे. न्यूरोसायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सगळे लागतात. तुझ्या महापालिका रुग्णालयात शेवटची दोन माणसं बहुधा तळमजल्यावर कुठेतरी बसलेली आहेत आणि मेडिसिनचे रेसिडेंट त्यांच्याकडे फिरकत नाहीत. देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली परळच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं. इतकी जुनी परंपरा घरात असताना आपण रुग्णाला 'शब्दकोडी सोडवा' सांगून पाठवतो. आंघोळीला नकार देणाऱ्या आजोबांना बाथरूमपर्यंत कसं न्यायचं, हे मला कुठल्याही प्राध्यापकाने शिकवलं नाही. एका थेरपिस्टने शिकवलं.

आता आजी. आजीमुळे हा विचार आला यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्यातल्या निम्म्यांची सुरुवात घरातूनच झालेली असते, फक्त मुलाखतीत कुणी सांगत नाही. मात्र 'मी काही करत नाही' या टोचणीवर पंधरा-वीस वर्षं निघत नाहीत. पारख करायची तर एक कर. तुझ्याच रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात विचार, मेमरी क्लिनिक किंवा तशी ओपीडी कधी असते. पोस्टिंग नसताना जाऊन मागे बस. अनोळखी घरातल्या आजी चौथ्यांदा तेच सांगत असताना तुझं लक्ष घड्याळाकडे जातं, की त्यांनी या खेपेला कुठला तपशील गाळला तिकडे, हे बघ. दुसरं होत असेल तर फॉर्म भर.

आणि आजीची डॉक्टर तू होऊ नकोस. दोन वर्षं झाली, घरात एमडीची रेसिडेंट आहे, आणि अजून कुणी नीट तपासलेलं नाही. ही गोष्ट तुमच्या एकट्या घराची नाही, डॉक्टरांच्या घरात हे नेहमीचंच. तिला न्यूरॉलॉजिस्टकडे ने, पण बोलू दे तुझ्या आईला, कारण दिवसभर तिच्यासोबत आई असते. सगळ्या औषधांची पिशवी बरोबर घ्या. बी-१२, थायरॉइड, कॅल्शियम, सोडियम आणि मेंदूचा एक स्कॅन, एवढं तरी व्हायलाच हवं. ऐकू नीट येतं का तेही तपासा, ऐकू न आलेलं लक्षात राहत नाही. गॅसला रात्री रेग्युलेटरपासूनच बंद करायची सवय लावा. पर्समध्ये किंवा ब्लाउजच्या आत नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, खालच्या वॉचमनला सांगून ठेवा. पेन्शन, बँक, नॉमिनेशन यांचं काय ते तिला विचारून, तिला समजतंय तोवर उरका. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२पासून कुटुंबांसाठी काम करते आहे, मुंबईत डिग्निटी फाउंडेशनही करते. आईला त्यांच्याशी एकदा बोलू दे, तिला तुझ्यापेक्षा त्यांची जास्त गरज आहे. आणि आजीने आईला बहिणीच्या नावाने हाक मारली तर आईने 'ओ' द्यावी. दुरुस्ती करत बसू नये. बहीण वारल्याची बातमी आजीला दर वेळी नव्याने ऐकावी लागते.

राहिला परदेशाचा प्रश्न. जावंच लागतं असं नाही. बंगळुरूचं निमहान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स इथे या विषयावर वर्षानुवर्षं काम चाललंय. अभ्यासासाठी दान केलेले मेंदू जपणारी निमहान्सची मेंदूपेढी १९९५पासून आहे. डीएमनंतर वर्षभर अशा ठिकाणी काढलंस तर हात बसेल. बाहेर जायचंच असेल तर लंडनचं क्वीन स्क्वेअरचं न्यूरॉलॉजी रुग्णालय आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं मेमरी अँड एजिंग सेंटर आहे. त्याच विद्यापीठाने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजबरोबर २०१५ साली ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूट सुरू केलं, तिथे आपल्यासारख्या देशांतल्या लोकांना मुद्दाम घेतात, आणि फक्त डॉक्टरांनाच नाही. शिकून परत येणाऱ्यांसाठी ते चांगलं. अमेरिकेत कायमची प्रॅक्टिस करायची असेल तर मात्र गणित वेगळं आहे. आपली डीएम तिथे थेट चालत नाही, सहसा रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. तो विचार असेल तर डीएमच्या आधी कर, नंतर नको.

जागा निवडताना नुसता कटऑफ बघू नकोस. तिथे कॉग्निटिव्ह क्लिनिक खरंच चालतं की विभागाच्या पाटीवरच आहे, न्यूरोसायकॉलॉजिस्ट पगारी नोकरीत आहे की आठवड्यातून एकदा येऊन जातो, नवीन रुग्णाला किती वेळ मिळतो, थीसिसला डिमेन्शियाचा विषय घेऊ देतात का, हे चार प्रश्न तिथल्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला विचार. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर नको, कॅन्टीनमध्ये विचार, आणि चहाचे पैसे तू दे.